अर्ध्या नाण्याचा किल्लेदार

पहाटेपासून उत्तरेकडून घोंघावणारा पेलेर दुपारच्या थोडं आधी एकदम पडतो, आणि दक्षिणेचा ओरा सुटायला अजून अवकाश असतो. या दोन वाऱ्यांच्या मधल्या वेळात सगळं गार्दा सरोवर श्वास रोखून धरतं. पाण्यावर सुरकुती नसते, आणि माणसाचा शब्द काठापासून खडकापर्यंत न फाटता पोचतो. मबीलियाचा संसार म्हणायचा तो एवढ्याच वेळात मावत होता.

तिचा नवरा अवांझो समोरच्या खडकावर, पाणकोटात होता. काठावरून सोडलेला बाण जेमतेम पोचेल इतकाच दूर. पण तो आत गेला तेव्हा पाल्मेरा पोटात होती, आणि आता पाल्मेरा स्वतःच्या पायांनी धावत जाऊन कोंबड्यांच्या शेपट्या ओढत होती. एवढ्या काळात अवांझोने काठाला पाय लावला नव्हता. लावायचाच नाही, अशी शपथ होती. वेरोनाच्या धन्यांनी सरोवराभोवती किल्ल्यांची माळ ओवली होती, आणि या पाणकोटावर बसेल त्या किल्लेदाराकडून ते एकच शपथ घ्यायचे: बदली येईपर्यंत उंबरठा ओलांडणार नाही, बायकोमुलांना आत घेणार नाही, आणि अर्धं नाणं दाखवल्याशिवाय किल्ली कोणाला देणार नाही. चांदीचं एक नाणं छिन्नीने वेडंवाकडं तोडायचं. अर्धं किल्लेदाराच्या गळ्यात, अर्धं धन्यांच्या पेटीत. दोन्ही काठ जुळले की किल्ली द्यायची. नाही जुळले, तर समोर खुद्द धनी उभे असले तरी द्यायची नाही.

मुदत वर्षाची होती. मग पादुआशी लढाई लागली आणि बदलीचा माणूस आलाच नाही.

किल्लेदाराचे कपडे धुवायला काठावरची बाई लावायची मुभा होती. ती बाई त्याची बायको नसावी, हे लिहायला कोणीतरी विसरलं होतं. म्हणून मबीलिया पेलेर पडला की पाल्मेराला नावेत पुढ्यात बसवायची, वल्ही मारत पाण्यावरच्या उंच खिडकीखाली जायची, आणि वरून दोरीला बांधलेली टोपली यायची. मळलेले सदरे खाली, धुतलेले वर. खिडकीत डोकं आणि एक हात दिसायचा, बस.

"आज काय खाल्लं तिने?" वरून प्रश्न यायचा.

"माती."

"आणि?"

"आणि तुझ्या आईची जपमाळ. काही मणी अजून बाहेर यायचेत."

"आईला म्हणावं, रागावू नकोस. तेवढ्या प्रार्थना थेट पोटात गेल्या."

पाल्मेरा हात हलवायची. वरचा हात हलायचा. तेवढ्यात दक्षिणेकडचं पाणी उलट्या हाताने कुरवाळलेल्या मांजराच्या पाठीसारखं खरबरीत व्हायला लागायचं, की निघायचं. घरी आल्यावर मबीलिया सदरे लगेच भिजवत नसे. सासूबाई परसात गेल्या की एखादा तोंडाशी धरायची. धूर, घाम, गंजलेलं लोखंड. वास तोच होता, पण दर खेपेला त्यात कोटाचा वास वाढत चालला होता आणि त्याचा कमी होत चालला होता.

त्या शरदात वेरोना पडलं. धनी पळाले. मिलानचं सैन्य आलं, आणि सरोवराभोवती एकामागून एक वेरोनाचं शिडीचं निशाण उतरून मिलानचं सापाचं चढलं. कुठे फारशी लढाई नाही, काही नाही. कुठल्याशा किल्लेदाराने तर म्हणे किल्ली देताना पाहुण्यांना मासे तळून घातले. शिडी राहिली ती एकट्या पाणकोटावर. वाऱ्याने तिची लक्तरं झाली होती, तरी रोज सकाळी ती चढायचीच.

मिलानचा कप्तान घरी आला तेव्हा मबीलिया आणि तिच्या सासूबाई, दोन्ना रिकेल्दा, अंगणात ऑलिव्ह निवडत बसल्या होत्या. कप्तानाचं नाव लान्फ्रांको. पोक्त माणूस, सर्दीने बेजार. पालथ्या टोपलीवर बसला आणि आधी तीनदा शिंकला.

"तो समोरचा तुमचा नवरा ना, बाई?"

"लोक तसं म्हणतात," मबीलिया म्हणाली. "मी त्याला जवळून पाहून बरेच दिवस झालेत."

"मी सांगून थकलो. धनी पळाला, म्हटलं. तो म्हणतो, नाणं दाखव. अहो, पळणाऱ्या माणसाला स्वतःच्या विजारीची शुद्ध नव्हती, अर्धं नाणं कुठे सांभाळत बसणार? पडलं असेल कुठल्या गटारात."

"मग शोधा की गटारात," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुम्हाला काय, सवय असेल."

कप्तान हसला नाही, रागावलाही नाही. नाक पुसून म्हणाला, "आजी, मला लढायचं नाहीये. पण उद्या ओरा सुटला की माझ्या नावा दक्षिणेकडून येणार. मधल्या नावेत धोंडे फेकायचं यंत्र आहे. आत मूठभर माणसं आणि एक जुनी भिंत. किती वेळ लागेल?" मग तो मबीलियाकडे वळला. "शपथ घेतल्यावर कोटात जायच्या आधी तो घरी होता ना काही दिवस? नाणं गळ्यात होतं?"

मबीलियाचे हात थांबले.

"माझ्याबरोबर सोनार आहे. तुम्ही नुसती ती तुटकी रेघ काढून द्या. मी नाणं दाखवतो, ते जुळतं, तो किल्ली देतो. त्याची शपथ शाबूत, माझे धोंडे शाबूत, आणि तुमचा नवरा संध्याकाळच्या जेवणाला घरी. कोणाला काही कळायचं कारण नाही."

मबीलिया पुन्हा ऑलिव्ह निवडू लागली. रेघ तिला ठाऊक होती. त्या दिवसांत रोज रात्री नाणं दोघांच्या मध्ये यायचं आणि तिच्या गळ्याखालच्या हाडावर रुतायचं. आधी उतार, मग कुत्र्याच्या सुळ्यासारखं एक टोक, मग खाच, मग दोन बारीक दात. सकाळी तिथे लाल वण असायचा. अंधारात बोटाने ती तो चाचपायची. आत्ता तेलाने माखलेलं बोट जमिनीवर टेकवलं असतं, तर ती रेघ आपोआप उमटली असती.

"उद्यापर्यंत विचार करा," असं म्हणून कप्तान शिंकत गेला.

संध्याकाळी चुलीवर वरीची घट्ट पेज रटरटत होती. सासूबाई ढवळत होत्या, आणि पाल्मेरा त्यांच्या झग्याला लोंबकळत होती.

"देऊ का रेघ?" मबीलियाने विचारलं.

"मला काय विचारतेस? वण तुझ्या अंगावर उठला, माझ्या नाही."

"तो उघडत का नाही, सासूबाई? सगळ्यांनी उघडले."

"सगळ्यांच्या बापांना भिंतीवर नव्हतं टांगलं."

हे मबीलियाला माहीत होतं, पण या घरात ते कधी बोललं जात नसे. तिच्या सासऱ्यांनी एके काळी एक किल्ला शत्रूला दिला होता. त्याबद्दल नगराने बाजारातल्या भिंतीवर त्यांचं चित्र काढून घेतलं: एका पायाने उलटा टांगलेला माणूस, खाली नाव आणि गुन्हा. पावसाने रंग उडाला की नगराच्या खर्चाने पुन्हा भरायचे.

"मी लांबून वळसा घालून जायचे," सासूबाई म्हणाल्या. "अवांझो मुद्दाम खालून जायचा. एवढंसं पोर, मान वर करून. आणि चित्र तरी धड असावं! नाक तर यांचं नव्हतंच, पलीकडच्या खाटकाचं होतं. मी जाऊन सांगितलं चिताऱ्याला. तो म्हणतो, बाई, गद्दारांची नाकं सारखीच असतात."

मबीलियाला हसू आलं आणि लगेच गेलं. "भुकेने दिला ना त्यांनी किल्ला?"

"भुकेनेच." सासूबाईंनी पळी काठावर आपटली. "त्यांच्या नाही. तेव्हा बायकोमुलं आत चालायची. हा अवांझो आत होता, आमच्याजवळ, या पाल्मेराएवढाच. उकडलेलं कातडं खाऊन आडवा झाला होता. हे एकटे असते तर भिंती चाटून राहिले असते. यांनी दार उघडलं, आणि मग धन्यांनी नियम काढला की यापुढे पोरंबाळं आत नकोत. पोरं असली की दारं उघडतात." त्यांनी पाल्मेराच्या तोंडात पेजेचं बोट घातलं. "अवांझोला यातलं काही आठवत नाही. आणि तू सांगायचं नाहीस. बाप कोणापायी टांगला गेला हे कळून कोणाचं भलं झालंय?"

दुसऱ्या दिवशी पेलेर पडायची वाट बघत मबीलिया घाटावर बसली. सदरे धुतलेले होते, घडी घातलेले होते. तिने ठरवलं होतं आणि ते तिला फार सरळ वाटत होतं: ज्याची शपथ, त्याला विचारायचं. त्याच्या पाठीमागे काही करायचं नाही. या माणसाच्या पाठीमागे त्याच्या आईने एक गोष्ट झाकून ठेवली, आणि धनी त्याला शपथेतून न सोडवताच पळाले. आपण तरी समोरून यावं.

पाणी निवलं. ती खिडकीखाली गेली.

"कप्तान आला होता," ती म्हणाली.

"शिंकत होता?"

"फार. त्याला नाण्याची रेघ हवी आहे. मला ती ठाऊक आहे, अवांझो."

"कशी काय?"

"कशी काय म्हणे! रोज रात्री मला टोचत होती. तू घोरत होतास."

"सांगितलीस त्याला?"

"नाही. तुला विचारायला आले. तू हो म्हण, आत्ता जाऊन काढून देते."

मग वरून आवाज आला, रागाचा नव्हता, थकलेला होता. "मबीलिया, तू विचारायला नको होतंस गं."

"म्हणजे?"

"न विचारता दिली असतीस, तर नाणं जुळलं असतं. मी खाली आलो असतो. मला काय ठाऊक असणार होतं? आता ठाऊक आहे. आता प्रत्यक्ष खरं नाणं आलं तरी मला वाटणार, हे तूच काढून दिलंस."

वल्ह्यावरून पाणी ठिबकत राहिलं. मबीलियाला हळूहळू कळत गेलं. तिच्यापुढे दार होतं, आणि तिने मोठ्या प्रामाणिकपणाने ते स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं.

"मग मी विचारलंच नाही असं समज."

"समजतो. तूही समज. दोघं असंच समजत बसू, तू खाली, मी वर."

"चेष्टा नको करूस!" तिचा आवाज चिरकला. पाल्मेराने मान वळवून आईकडे पाहिलं. "हिचे दात आले, ही चालायला लागली, तापात दोन रात्री हिचे डोळे वर गेले होते, ते मी तुला सांगितलंसुद्धा नाही. टोपलीत काय काय पाठवू मी तुला? धोंडे येणार आहेत आज."

"म्हणूनच घरी जा. ओरा सुटेल आता."

"नाही जात. तुला बाहेर येता येत नाही ना? आम्ही आत येतो."

"मबीलिया!"

तिने नाव वळवली आणि खडकाला वळसा घालून पाण्यातल्या दरवाजाशी आणली. कमानीत हाताएवढ्या जाड कड्यांची साखळी आडवी होती. पलीकडे म्हातारा शिपाई बेर्तोल्दो उभा. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, नियम आहे! बायकामुलांना आत मनाई आहे!"

"कोणाची?"

"धन्यांची."

"बोलाव त्यांना."

बेर्तोल्दोने खरंच एकदा मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात दक्षिणेकडून पहिली झुळूक आली. पाणी खरबरलं, मग उठलं. नाव दगडावर एकदा आपटली, दुसऱ्यांदा जास्त जोरात. पाल्मेराला आधी मजा वाटली, मग तिने आईच्या केसांना दोन्ही मुठींनी धरलं आणि भोकाड पसरलं. मबीलियाने एका हाताने साखळी पकडली, दुसऱ्याने पोरीला. आपण काय करून बसलो हे तिला त्या क्षणी कळलं, आणि सोडून जायचं म्हटलं तरी आता वल्हं मारायला दुसरा हात मोकळा नव्हता. लाट आली, पोरीचे पाय भिजले.

"साखळी सोड!" वरच्या जिन्यावरून आरोळी आली. "बेर्तोल्दो, गाढवा, साखळी सोड!"

कड्या खडखडत पाण्यात गेल्या.

आत धक्क्याशी पाणी शांत होतं. अवांझो शेवटच्या पायऱ्या धडपडत उतरला, कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्याने नाव छातीशी धरून ठेवली. मबीलियाने त्याच्याकडे पाहिलं. कानशिलं पिकली होती. वरचा एक दात नव्हता. हे खिडकीतून कधी दिसलं नव्हतं. तो तिचं मनगट धरून उभा राहिला. साखळीने सोललेल्या तळहाताकडे बघत होता.

"बघ," ती शेवटी पोरीला म्हणाली. "बाबा."

पाल्मेराने हुंदके देत त्याला खालून वर न्याहाळलं. "नाही."

"अगं, बाबा!"

"नाही." तिने भिंतीकडे, उंच, बोट दाखवलं. "बाबा वल."

बेर्तोल्दोला खोकला आला. अवांझो ओल्या विजारीनिशी पायरीवर बसला. "तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. अंगठा आणि बोट यांत चिमूटभर जागा धरून त्याने दाखवली. "मी एवढा असतो. हा कोण रेडा आला मध्येच, असं वाटत असेल तिला."

त्याने हात पुढे केले नाहीत. मबीलियाला वाटलं, करेल आता. तो नुसता बसून राहिला, आणि पोर आईच्या मानेआडून एक डोळा बाहेर काढून बघत राहिली. मग तो डोळा जड व्हायला लागला. तिची झोपेची वेळ झाली होती. रडून झालं होतं, पाय कोरडे करून शालीत गुंडाळले होते. मबीलिया धक्क्यावर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत राहिली, सासूबाई गुणगुणतात ते शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणत. पोर एकदम दुप्पट जड झाली, तेव्हा ती त्याच्यापुढे थांबली.

"आता घे."

"उठेल."

"नाही उठत. डोक्याखाली हात घाल. तसा नाही रे! भाला धरतोयस का?"

त्याने घेतलं. आधी श्वास धरून, मग हळूहळू सोडत. पाल्मेराचं तोंड उघडं होतं. गालावर सकाळची वरीची कणी वाळून चिकटली होती, आणि मानेच्या घामाने केसांच्या बटा वळल्या होत्या. त्याने कणी काढायला बोट नेलं आणि न लावताच मागे घेतलं.

"किती वजन आहे हिला," तो म्हणाला. "वरून काहीच वाटत नाही."

मबीलिया त्याच्याजवळ बसली. खांद्याला खांदा लागला. बाहेर ओरा कमानीतून हुंकारत होता. इतके दिवस तिने या बसण्याची किती चित्रं मनात रंगवली होती. त्यातल्या एकातही दगड एवढा गार नव्हता.

तटावर गेलेला बेर्तोल्दो धापा टाकत खाली आला. "किल्लेदार! नावा..."

"हळू."

"नावा आल्या," तो घशातून म्हणाला. "मधल्या नावेत यंत्र आहे. कप्तान शिंकतोय, वरपर्यंत ऐकू येतं. शेवटचं विचारतो म्हणाला."

"त्याला सांग, थांब."

"कारण काय सांगू?"

"मूल झोपलंय."

"असं सांगू?"

"असंच सांग."

बेर्तोल्दो गेला. आयुष्यभर आरोळ्या ठोकलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही. तटावरून त्याचा दाबून दाबून फाटलेला आवाज आला, मग पाण्यावरून काही उत्तर. मग शिडं उतरवल्याचा फडफडाट. तो पुन्हा खाली डोकावला. "थांबतो म्हणतो. म्हणाला, पोरांची झोप मोडली की संध्याकाळपर्यंत खैर नसते."

अवांझोने मान हलवली. त्याचा दंड बधिर झाला असावा. हात बदलायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

"उठली की उघडू," तो म्हणाला.

मबीलियाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आणि नाणं?"

"नाणं नाही. सोनार नाही. मीच उघडतो."

"भिंतीवर रंगवतील, अवांझो. भिंत आता मिलानची झाली असेल, पण खालून जाणारी माणसं तीच आहेत. काहीतरी म्हणतीलच."

"म्हणू देत. तिला घेऊन जाईन बघायला. सांगेन, हा तुझा बाप उलटा, आणि हा सुलटा. कुठला आवडतो बोल." तो हसला, त्या पडलेल्या दाताच्या फटीतून, आणि डोळे मात्र पोरीवरून हलले नाहीत. "माझ्या बापाला मी लहानपणी फार शिव्या दिल्यात, मबीलिया. मनातल्या मनात. भुकेला काय घाबरायचं, म्हणायचो."

सासूबाईंनी सांगितलेलं तिच्या घशापर्यंत आलं. जिभेवर आलं. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, ज्या हातांनी त्याने पोरीला तंबू ठोकल्यासारखी ताठ, बेढब, घट्ट मिठी मारली होती, आणि ती गप्प राहिली.

इतकी वर्षं ती रोज सूर्याला ढकलत आली होती. दुपार लवकर व्हावी, पेलेर लवकर पडावा, वर्ष लवकर सरावं. आता कमानीतून आलेला उन्हाचा पट्टा पायरीवर एकेक बोट सरकत होता आणि तिला तो नको होता. पोर उठेल, रडेल, पाणी मागेल. मग तो उभा राहील, आणि कमरेची किल्ली काढेल, आणि पुन्हा कधीच इतका ताठ चालणार नाही. हेच तर तिला हवं होतं.

एक माशी येऊन पाल्मेराच्या पापणीभोवती फिरायला लागली. मबीलिया पुढे वाकली आणि वारा लागणार नाही इतक्या हळू हाताने तिने ती हाकलली.